बनवणाऱ्याचं नाव

पोलिसांच्या फॉर्मात सातवा रकाना :
बनवणाऱ्याचं नाव.
सिपोरा वाकरूळकर म्हणाली, तुम्ही लोखंडातले, तुम्हीच भरा.
चरईतला फ्लॅट विकून ती लेकीकडे अश्दोदला चाललेली,
आणि वारलेल्या बापाची दुनळी काही बॅगेत बसत नाही.

मी वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं टर्नर.
बंदूक कधी हातात धरली नव्हती.
टेबलावर पेपर अंथरला, बिजागरीवर मोडली,
काडतूस नाही याची दोनदा खात्री केली,
मग नळ्या खिडकीकडे धरल्या.
आत अजून चकाकी.
डावी टोकाशी जरा आवळलेली,
व्हर्निअरला कळतं, बोटाला नाही.

पट्टीवर कोरलंय : टॅपलो अँड सन, थॉर्नबी.
पहिलं अक्षर गेलंय.
शालोमकाका बंदूक खाली धरून चालायचे,
पंजा नेमका तिथे.
येऊरला खाचरांत डुकरं उतरली की गाववाले न्यायला येत.
शनिवारी डुकरांना अभय.
मारलेलं जनावर पाड्यावर; काका घरी येऊन
वालाचं बिरडं जेवत.
दर निवडणुकीला ही ठाण्यात जमा व्हायची.
पंधरा पावत्या आहेत, एका टाचणीत.

थॉर्नबीच्या वाचनालयाला पत्र टाकलं.
चार महिन्यांनी उत्तर आलं,
ओल्डरॉइड नावाच्या निवृत्त शिक्षिकेचं, शाई निळी.
टॅपलोंचं दुकान खाटकाच्या शेजारी.
बंदुका थोड्या; गळ, काडतुसं, छत्र्यांची दुरुस्ती जास्त.
मागच्या खोलीत एक बाक, एक शेगडी, एक मुलगा.
नंबर त्यांनी दोन हजार एकपासून सुरू केले,
गिऱ्हाइकाला वाटावं, पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा आहे.
(मी एकटाच मोठ्यानं हसलो. आमचं बिल-बुकही
चारशेपासून सुरू होतं.)
वही पुरात भिजली, सहा पानं वाचली.
आमची दोन हजार चारशे सतरा त्यातल्या एका पानावर :
पूर्ण. एकोणीसशे अकरा. हिंदुस्थान.
मुलगा पाच वर्षांनी फ्रान्समधल्या चिखलात राहिला.
पाटीवरचं ‘अँड सन’ म्हाताऱ्यानं दुकान मिटेपर्यंत
पुसलं नाही.

मग एका रात्री मी पुढचं लाकूड काढलं.
नळ्यांच्या पोटाशी, जिथे उजेड कधी जात नाही,
बर्मिंगहॅमचे शिक्के : मुकुट, राजदंडांची फुली.
आणि बाजूला तिरपी, घाईत ठोकलेली दोन अक्षरं,
जे. डब्ल्यू.
म्हणजे नळ्या टॅपलोंच्या नव्हत्याच.
कुठल्याशा बोळातल्या कोणा जे. डब्ल्यू.नं
तुकड्याच्या हिशोबानं घासून दिल्या,
घोडे आणखी कोणी, दस्ता आणखी कोणी.
टॅपलोंनी जुळवलं, तेल दिलं, नाव कोरलं.

वाईट वाटायला हवं होतं.
कारखानीस ब्रदर्समध्ये आम्ही व्हॉल्व्हचे स्पिंडल करायचो
(ब्रदर एकच होता, दुसरा आधीच नागपूरला निघून गेलेला).
खोक्यावर भलत्याच कंपनीचं जर्मन वाटणारं नाव.
मी फ्लँजच्या आतून पंचानं एक टिंब मारायचो.
चेकरला कधी दिसलं नाही.
शेडच्या जागी आता काचेची इमारत आहे;
टिंबं कुठकुठल्या पाइपलाइनीत
अजून उघडबंद होत असतील.

रकाना दोन इंचांचा.
टॅपलो अँड सन लिहिलं, स्वल्पविराम दिला,
जे. डब्ल्यू. लिहिलं.
हवालदार शेलार म्हणाले, काका, एकच नाव टाका,
कॉम्प्युटर घेत नाही.
त्यांनीच व्हाइटनर लावला.

जांभळी नाक्यावर रिक्षात बसताना सिपोरानं विचारलं,
त्या मुलाचं नाव काय होतं? सनचं?
पत्रात नव्हतं.
म्हटलं, लिहून विचारतो.